पाठवा

फॉर्म मीच लिहिला होता,
हॅलिफॅक्सच्या कौन्सिलसाठी,
घरदुरुस्ती विभाग, तिसरा मजला.
एकच चौकट: काय बिघडलंय?
खाली हिरवं बटण: पाठवा.

आणि सर्व्हरवर एक ओळ,
जिचा मला तेव्हा थोडा गर्वच होता.
आलेल्या पाकिटात बटणाचं नाव असेल
तर फॉर्म भरून आलाय.
नसेल तर माणूस नुसता बघायला आलाय,
त्याला कोरा फॉर्म दाखव.

सात महिने बिनबोभाट चाललं.
मग नोव्हेंबरात, चारलाच दिवे लागलेले,
खालच्या काउंटरवरून कीथचा फोन:
एक बाई आल्यात, म्हणतात अकरा वेळा कळवलं.
एकदाही नाही, मी म्हटलं, टेबल रिकामं आहे.
किती सहज म्हणाले.

डोरीन अ‍ॅक्रॉइड, वय त्र्याऐंशी.
गालिच्यांच्या गिरणीत टायपिस्ट होत्या,
आता वाचनालयातल्या जुनाट कॉम्प्युटरवर
एका बोटाने.
ओळ संपली की कॅरेज ढकलायची,
ती सवय आता एंटरवर येऊन थांबलेली.
माउसला त्या हात लावत नसत.

त्या ब्राउझरमधून एंटरने पाठवलं
तर पाकीट येतं, आत मजकूर असतो,
फक्त बटणाचं नाव येत नाही.
दारात बाई उभी, हातात कागद,
आणि माझी ओळ आतून म्हणते,
बेल कुठे वाजली?

लॉग उघडला.
मजकूर तिथे राहत नाही, लांबी राहते.
पहिल्या दिवशी चारशे सहा अक्षरं.
मग दोनशे नव्वद. मग एकशे बारा.
अकराव्या वेळी एकोणीस.

एकोणीस अक्षरांत काय लिहिलं होतंत?
मी खाली जाऊन विचारलं.
त्या हातमोजे काढत म्हणाल्या,
तोच बॉयलर. थोडक्यात.

ओळ बदलली.
आता ती एवढंच विचारते:
मागायला आलात की द्यायला?
द्यायला आला असाल तर आत या,
चौकट रिकामी आहे का ते मग बघू.
चहा गार व्हायच्या आत झालं काम.

बॉयलरला आणखी नऊ दिवस लागले.
तो माझा विभाग नव्हे.

चाचण्यांच्या यादीत मात्र एक वाढवली.
नाव दिलं: डोरीन.
रोज रात्री दोन वाजता, ऑफिसात कुणी नसताना,
ती चौकटीत काहीतरी टाइप करते,
बटणाला न शिवता
एंटर दाबते,
आणि थांबते.