माया

भदौरिया भाभी ब्लाउज टाकून जाते, म्हणते,
बस, बाही तेवढी सैल कर, बाकी ठीक आहे.
मी तिला सांगत नाही
की बाही एकटी कधीच सैल होत नाही.
बगलेत कळी घातली की पाठ ओढते,
पाठ सोडली की गळा उतरतो.
हे मला शिकवलं दौलतगंजातल्या मोघेबाईंनी,
आणि दुसऱ्यांदा ह्यांनी,
गोव्याच्या क्वार्टरमध्ये, विमानाबद्दल बोलताना.

सरळ वर उठणारं विमान.
अंगणाएवढ्या जागेतून, हे म्हणायचे,
आणि दोन्ही तळवे हळूहळू वर उचलायचे
जणू काठोकाठ भरलेली परात.

त्या वर्षी त्याला नवं रडार बसवायचं होतं.
जुनं समुद्राच्या लाटांनाच शत्रू समजायचं.
नवं लांबचं बघणार, खाली वाकूनही बघणार,
पण नवा डोळा जड.
नाक जड, म्हणून शेपटीत शिसं.
शिसं घातलं, म्हणून पंखाला जोर हवा,
म्हणून पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेला,
वीतभर पत्रा, त्रिकोणी.
"कळी," मी म्हटलं.
ह्यांचा घास हातातच राहिला. "हो की. कळीच."
दुसऱ्या दिवसापासून हँगरमध्ये सगळे कळी म्हणायला लागले,
केरळचा कुरियनसुद्धा.

मग मी विचारलं, माया किती ठेवलीत?
आम्ही शिवणीच्या आत दोन बोटं ठेवतो,
अंग भरलं तर सोडायला.
हे हसले नाहीत.
म्हणाले, ह्या विमानात माया नसते.
उतरताना ते पंखांच्या भरवशावर नसतं,
स्वतःच्या श्वासावर उभं असतं,
आणि श्वास मोजलेला.
न डागलेलं क्षेपणास्त्र घेऊन परत आलं
तर तेवढंही कधी पेलत नाही,
समुद्रात सोडून हलकं व्हावं लागतं.
म्हणून किलो किलो खरवडतोय आम्ही:
एक ब्रॅकेट, चार स्क्रू, तारेची जुडी.
जे वापरलं नाही
ते घरी आणता यावं, एवढंच.

आता ती विमानं नाहीत.
ग्वाल्हेरात महाराजपुऱ्याहून उठतात ती दुसरी,
त्यांना लांबच लांब धावपट्टी लागते.
आधी आमच्या काचा थरथरतात, मग आवाज कळतो.
हे वर बघत नाहीत.
मान तिरकी करून ऐकतात,
"डावीकडे जड" म्हणतात आणि पेपर उलटतात.
खरं की खोटं, कोण विचारणार.

माझ्या कटिंगच्या टेबलावर शिशाची एक वडी आहे.
शेपटीसाठी ओतलेली, चाचणीत जास्तीची ठरलेली,
ह्यांनी भंगारातून सव्वीस रुपयांना घेतली.
पावती अजून ट्रंकेत आहे, शिक्क्यासकट.
पंखा फुल असला की
खाकी कागदावर मी तीच ठेवते.

परवा ह्यांनी पांढरा युनिफॉर्म काढला,
नातवाला दाखवायला. बटणं लागेनात.
मी बाजूची शिवण उसवली.
आत दोन बोटं कापड, पिवळं न पडलेलं,
मीच कधीतरी ठेवलेलं आणि विसरलेलं.
हे त्या पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.
"हे वजन," म्हणाले, "आम्ही धरलंच नव्हतं."

भाभीची बाही राहिली ती राहिलीच.