फिरते पथक

लिलावात स्वस्त पडली,
कारण तिच्या पोटात फिनेलचा वास होता
आणि एका शिटेवर दात उमटले होते,
वासराचे असावेत.
शालिकने शिटा काढल्या, सागाची फळी ठोकली,
वर माझी लग्नातली गादी,
खिडकीला जुन्या पातळाचा पडदा.
बाजूच्या पिवळ्या रंगाखालून मात्र
अक्षरं पुन्हा पुन्हा वर येतात:
फिरते पशुवैद्यकीय पथक, जि. प.
"पुढच्या शनिवारी रंगवतो," म्हणाला.
डबा आणला आहे. फळीखाली आहे.

सत्तावीस वर्षं त्याने तिकिटं फाडली
अड्याळ, पवनी, भुयार, कानपा,
लोकांना उतरवलं, घंटी दिली, निघाला.
मी त्याच गावांची नावं
टपालाच्या शिक्क्याखाली वाचत आले.
म्हणजे सगळं ठाऊक होतं आम्हाला,
फक्त तिथे पाय ठेवला नव्हता.

आता ठेवतो. शनिवारी दुपारी
मी खिडकी लावली की निघतो,
पाटी दिसली की उतरतो.
एकदा पाणी भरायला तो खाली गेला
आणि सवयीने दोनदा पत्रा बडवला.
गाडी मी चालवत होते. मी निघालेच.
अर्धा किलोमीटरवर आरशात पाहिलं तर
शालिक, हातात कळशी, तोंडाने शिट्टी.

नागभीडच्या अलीकडे पंक्चर झालं.
काढणारा झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक होता.
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधता शोधता
त्याने आख्खा तिसरा अंक म्हटला,
शेवटी कुणाचा तरी खून करून
हात पुसत म्हणाला, "साठ रुपये द्या जी."

आणि कार्तिकात, तलावाच्या पाळीवर
मी चहाचं आधण ठेवलं तोच
एक बाई आली, खांद्यावर आडवी बकरी,
बकरीचं पोट ढोलकीसारखं ताठ.
"डॉक्टर कोणता तुमच्यातला?"
"आमी नाही जी, गाडीच निस्ती..." शालिक म्हणाला.
तिला वाचता येत होतं.
तिने अक्षरांवर बोट ठेवलं, आणि ते काढेना.

मग काय.
गोडं तेल, हिंग, ओवा,
भज्यांसाठी आणलेलं सगळं
त्याने शिशीने थोडं थोडं पाजलं,
लहानपणी बापाला पाहिलं होतं म्हणे.
मी पोट चोळत बसले.
बाईचं नाव रेवता, बकरीचं सोमारी.
लेक भिवापूरला मिरच्यांचे देठ खुडायला जाते,
रात्री बोटं जळतात म्हणून ताकात बुडवून झोपते,
असं काय काय सांगत राहिली.
दीडच्या सुमारास सोमारीने
असा काही ढेकर दिला
की पलीकडच्या कमळांतून पाणकोंबड्या उडाल्या.

फळी साडेतीन फुटांची.
एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावी लागते.
घरी तो टीव्हीच्या खोलीत झोपतो,
घोरण्याचं निमित्त; कुणाचं, ते विचारू नका.
त्या रात्री त्याच्या हाताला हिंगाचा वास होता
आणि हात माझ्या कानाखाली होता.
मी मुंग्या येईपर्यंत,
त्याच्या हाताला, माझ्या नव्हे,
हलले नाही.

सकाळी पडदा सारला.
बोनेटवर ओल्या फडक्यात शिंगाडे,
आणि गाडीला लागून रांग:
एक कोंबडी, एक लंगडं गोऱ्हं,
एक म्हातारा, ज्याच्यापाशी काहीच नव्हतं,
त्याला स्वतःलाच खोकला होता.
शालिकने दार उघडलं, चष्मा पुसला,
आणि बसमध्ये विचारायचा तसंच विचारलं,
"मागं कोणी राह्यलं का?"