हात काढून घेताना

अंबडच्या सीटच्या कारखान्यातून
पोत्यांनी आणला उरलेला फोम,
निळा, पिवळा, मळका गुलाबी,
आणि भरला खड्डा. आधी पडायला जागा,
उडायचं मग बघू, म्हटलं मी.

सातपूरच्या या शेडमध्ये पूर्वी
दाराशीच वजनकाटा होता.
मुली चपला काढून त्यावर चढायच्या
आणि आकडा फळ्यावर, नावापुढे, सगळ्यांदेखत.
मीही चढलेय. त्रेचाळीस पूर्णांक दोन.
अजून पाठ आहे.
किल्ली हातात आली त्या दिवशी
काटा देऊन टाकला द्राक्षवाल्या शिरसाठांना.
पेट्या मोजतात त्यावर. बिनचूक आहे म्हणतात.

कस्तुरी गायधनी, वय दहा.
चार बोटं रुंद बीमवर
तिला मागे झेपावायचंय, न बघता.
माझा तळवा तिच्या कमरेखाली;
टेकलेला नाही, नुसता आहे.
पावसाळाभर हेच.
"ताई, आहात ना?"
"आहे."
"ताई, आहात?"
"आहे गं."

एकदा म्हणाली, आज नको.
राज्यस्पर्धा पंधरा दिवसांवर,
वडील शिफ्ट संपवून थेट आलेले, हातात हेल्मेट.
"मॅडम, जरा रागवा की तिला."
मी म्हटलं, नको म्हणाली ती.
तेही यायला लागतं, दादा. बीमइतकंच अवघड आहे.
ते बोलले नाहीत काही.
स्पर्धेत ती उडी वगळून खेळली, अकरावी आली,
आणि परतीच्या बसमध्ये सिन्नरपर्यंत
भेंड्या खेळत राहिली.

आज मंगळवार, साधाच.
घोट्याला पट्टी बांधून अल्फिया गादीवर,
सगळ्यांचे गुण तीच देते सध्या, आणि कंजूष आहे.
कस्तुरीनं पावडर चोळली, हात वर केले.
थांबले मी. तिनं विचारलंच नाही.

हात काढून घेतला म्हणजे
ऐन वेळी दगा दिला, असंच म्हणतो ना आपण?
मी काढून घेतला.
आधी वीतभर. मग हातभर.
पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज,
आणि मग लाकडावर दोन तळवे,
मग दोन पाय.

डावी टाच जरा बाहेर गेली होती.
सांगेन उद्या.

अल्फिया म्हणाली, "ताई,
तुमचा हात अजून तसाच आहे.
खाली घ्या आता."