शुद्धिपत्र

पान एकशे बेचाळीस, ओळ सातवी.
‘०.५ टक्के’ ऐवजी
‘०.०५ टक्के’ असे वाचावे.

बोटभर रुंदीची ही चिठ्ठी
सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात मी
तीनशे दहा अंकांत चिकटवली.
बाइंडिंगच्या खोलीत कूलर होता, बंद ठेवायचो.
वाळ्याच्या ओलीनं कागद फुगतो.
खळ मैद्याची, तीत चिमूटभर मोरचूद,
झुरळांनी तोंड लावू नये म्हणून.
बारापात्रे बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या,
‘पडोळे, हेच मोरचूद मी संत्र्याच्या खोडाला फासते.’
डिंक्या रोगावर त्यांचा लेख होता.
सालीतून डिंक वाहतो, झाड उभ्या उभ्या वाळतं.
इकडे माझा डिंक, तिकडे त्यांचा,
मधे एक शून्य
छापखान्यात गळालेलं.

बाहेरगावी गेलेल्या त्रेसष्ट अंकांचे
पत्ते माझ्या वहीत होते.
लुधियाना, कोईमतूर, प्रागचं कुठलंसं उद्यान.
प्रत्येकाला पाकीट, पाकिटात चिठ्ठी.
प्राग सात आठवड्यांनी बोललं:
मिळाली, चिकटवली, आभार.
पाकिटावरचं तिकीट माझ्या पोरानं
वाफेवर धरून सोडवलं.

मग नोकरी संपली. बाईही गेल्या.
कंत्राटावरची पोरं आली स्कॅनर घेऊन.
तीनशे दहांतली एकच प्रत त्यांनी उचलली.
पानं यंत्रात सरळ जावीत म्हणून
मी घातलेली शिवण कटरनं उतरवली.
शिवणीला बिलगलेली चिठ्ठी
त्या पट्टीबरोबर इतवारीच्या रद्दीत गेली असेल.
पोरांना काय बोलणार?
त्यांना पानामागे पैसे होते,
चिठ्ठी हे काही पान नव्हतं.
आणि आता तीच एक प्रत
सगळ्या जगाची प्रत.

परवा ग्रंथालयातून खोब्रागडे मॅडमचा फोन.
‘काका, मोरोक्कोतून एका मुलीचा मेल आलाय.
विचारते, लेखात दिलंय तेवढंच औषध मारलं,
मग पानं कशानं करपली?
इथं कोणालाच काही माहीत नाही.’

हिवरीनगरहून बस धरली.
पडद्यावर पान एकशे बेचाळीस,
बाईंचं नाव धुतल्यासारखं स्वच्छ.
सातव्या ओळीवर मी बोट ठेवलं
तर पानच खाली सरकलं.
हात मागे घेतला, आणि तोंडपाठ म्हटलं.
तीनशे दहा वेळा बोटांनी वाचलेलं
तोंड विसरत नाही.

मॅडमनी टाइप केलं. एक बटण.
‘झालं काका. जोडलं. मोरोक्कोला पोचलंसुद्धा.’
माझा चहा अजून गरम होता.

‘अन् ज्यायनं आधीच उतरवून घेतलं, त्यायचं?’
त्या थांबल्या.
‘त्यांच्याकडे जुनंच राहील.’
‘किती जण?’
‘चार हजार दोनशे सोळा.’
‘पत्ते?’
‘पत्ते नसतात, काका. फक्त आकडा असतो.’

बाई म्हणायच्या, माझा लेख चाळीस जण वाचतात,
त्यातले दहा नातेवाईक.
चार हजार ऐकून आधी मनसोक्त हसल्या असत्या.
मग चष्मा काढून
सातव्या ओळीपाशी
बराच वेळ गप्प बसल्या असत्या.

परतीच्या बसमध्ये मी वही काढली.
मैदा किती, मोरचूद किती.
पन्नास चिठ्ठ्यांना एक वाटी, असं धरलं तर
चार हजार दोनशे सोळांना
खळ किती लागेल?
हातचा एक धरला, पुन्हा सोडला,
बर्डी कधी मागे पडली कळलं नाही.