वरची कडी, खालची कडी

पिंजरा यांनी आंब्याच्या पेट्यांचा केला.
तुर्भ्याच्या मार्केटातून आणल्या चार,
फळ्यांवर अजून कुणा बागायतदाराचं नाव, हिरव्या शाईत.
मी म्हटलं, फटीतून मांजराचा पंजा जाईल.
हे म्हणाले, नाही जायचा.
बायजाने त्याच दुपारी घालून दाखवला,
पार कोपरापर्यंत,
आणि आमच्याकडे बघितलं,
शिंप्याने माप घेऊन झाल्यावर बघावं तसं.

मग जाळी आली. बोटाच्या पेराहून बारीक भोकांची.

ससे तीन होते. खोबरं, तीळ आणि जवस.
शिवांजलीची मैत्रीण नेरूळ सोडून गेली,
तिने बुटाच्या खोक्यात घालून दिले.
आमचं कोपरखैरण्याचं माथाडीचं घर, दीड खोली,
त्यात आधीच कारभारी, नऊ वर्षांचा, एका डोळ्यात फूल पडलेला,
आणि बायजा, जी कुणाचीच नाही
पण दुधाच्या वेळेला आमची.

जवस गेला त्या रात्री त्याला कुणी शिवलंही नव्हतं.
कडी लागलेली. जाळी शाबूत.
मागच्या गल्लीत हळदीचे फटाके वाजत होते
आणि कारभारी पिंजऱ्यापाशी उभा राहून भुंकत होता,
फटाक्यांवर, सशांवर नाही.
पण सशाला भुंकण्याची दिशा कुठली कळायला?
सकाळी तो कुशीवर. डोळे उघडे.
अंगावर ओरखडासुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, भीतीनेच काळीज थांबतं यांचं कधीकधी,
दात लागायलाच हवेत असं नाही.

हे वाक्य मी किती दिवस पिठात मळत होते.
दात लागायलाच हवेत असं नाही.
गावाकडे थोरल्या दिरांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही.
नुसते उंबऱ्यात उभे राहून खाकरायचे,
आणि माझ्या हातातली परात पडायची.

तर दार असलेली एकच खोली आता सशांची आहे.
आम्ही तिघं बाहेर झोपतो, कुत्र्यासकट.
पाहुणे हसतात. हसू देत.
खालची कडी कारभारीला नाकाने सरकवता येते,
म्हणून वरची.
वरच्या कडीपर्यंत बायजा खिडकीच्या गजावरून पोचते,
म्हणून खिडकीलाही जाळी.
ससे मोकळे असले की एकजण आत, दार बंद.
शिवांजली विचारते, आई, त्यांची दोस्ती कधी होणार?
ती मोबाईलमध्ये बघते, कुत्र्याच्या पाठीवर ससा झोपलेला.
मी म्हणते, होईल तेव्हा होईल. तू कडी लाव.

हे दुपारी येतात, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला घेऊन.
पन्नास किलोची गोण पाठीवर घेणारा माणूस
तिळाला उचलताना श्वास धरतो,
एक हात ढुंगणाखाली, एक छातीशी.
आधी हात धुतो, साबणाने, दोनदा,
कारभारीचा वास राहू नये म्हणून.
आणि कारभारी मोरीच्या दाराशी बसून
ते हात धुणं बघतो.
त्याचं वाईट वाटतं मला.
दाराच्या फटीशी नाक लावून बसतो तेव्हा
मी त्याच्या मानेवर हात ठेवते,
कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत असतं.
त्याचा काय दोष. त्याला आम्ही भाकरी घातली,
नाक तर त्याचं जुनंच आहे.

काल रात्री पाणी प्यायला उठले, सवयीने आत डोकावले.
खोबरं कुशीवर पडलेलं. पाय ताणलेले. डोळे अर्धे उघडे.
अगदी जवस पडला होता तसं.
माझ्या हातातला तांब्या तसाच.

मग त्याचं नाक हललं.
एक कान, आळसाने, माझ्याकडे वळला
आणि पुन्हा पडला.
झोपलं होतं ते. पसरून. आमच्या घरात.

दार ओढलं.
खालची कडी सरकवली, मग वरची,
पदर मध्ये धरून,
आवाज होऊ नये म्हणून.