एकाहत्तर मीटर

एस्किलनं फळ्यावर नुसतं नाव लिहिलं,
पुढे काही नाही. ना संख्या, ना शब्द.
"आत ठेवशील ते. डब्याला कशाला विचारायचं?"
राग्नहिलनं चष्मा पुसला.
ती उंबरठ्यावरच चौकशी करणारी:
कोण, कुठली, कोणत्या साच्यातली,
मगच आत.

मी त्यांच्यात नवा. ट्रॉनहाइममधला पहिला फेब्रुवारी,
आडनावाशी न अडखळता
खुर्ची पुढे करणारी माणसं.
एस्किलचं म्हणणं मला फार लवकर पटलं.
का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

फेरीबोटींसाठी साचा केलाच नाही आम्ही.
'तोरगुन' घेतली, सगळ्यांत जुनी.
तिचीच नक्कल, नकलेला दुसरं नाव, दुसरा भोंगा.
बाकी काही विचारलं तर पोरगी म्हणे,
माझ्याकडे नाही, थांबा, आईला विचारते.
आणि वर कुणीच नसेल तर कोरा नकार;
आमच्याकडे म्हणतात ना,
बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर.
हे एस्किलला समजावायला गेलो.
त्यानं वही उघडली, गंभीरपणे विचारलं,
श्राद्धाला काय काय लागतं?

मार्चमधल्या एका रविवारी
धक्क्यावरून ऑड-आर्नेचा फोन:
सात मीटरची गाडी, एक मीटरचा ट्रेलर,
पावती एकाहत्तर मीटरची.
"माझी बोटच मुळी पन्नासची आहे, बाळांनो."
कुणीतरी सातला अवतरणचिन्हांत बसवलं होतं.
बेरीज झालीच नाही,
सात आणि एक नुसते शेजारी उभे राहिले.

राग्नहिल काही बोलली नाही.
तिनं कॉफी ओतली, आधी एस्किलला.
तेच तिचं बोलणं.
एस्किलनं एक ओळ वाढवली: वापरण्याआधी बघून घे.
उंबरठ्यावर नाही तर नाही,
निदान चुलीपाशी.

जूनमध्ये खरी तोरगुन भंगारात गेली.
आमची तोरगुन मी पुसली
आणि नऊ पोरी एकदम मुक्या झाल्या.
माणसं किती, लाइफजॅकेटं किती,
कुणालाच सांगता येईना.
घाईघाईनं परत ठेवली तिला.
वेळापत्रकात नसलेली, कुठेच न जाणारी.
लगेच नवांच्या नवांनी उत्तर दिलं,
लाइफजॅकेटं: एकशे चाळीस.

माझ्या खांद्यावरून वाचत होती राग्नहिल.
"हे एकशे चाळीस," ती म्हणाली,
"नव्या बोटींवर कुणी मोजलेत?"

आम्ही तिघं धक्क्यावर पोचलो तेव्हा
रात्रीचे दहा, आणि लख्ख उजेड.
ऑड-आर्ने पहिल्या बोटीपाशी उभा होता,
हातात कपाटाची किल्ली.