दोनशे दोन बटे सतरा

रात्री पावणेदोनला, चोपड्यात,
खताच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत
दोन पंखे, एक राउटर, युरियाचा वास,
आणि मी टाइप करते:
दोन शून्य शून्य दोन,
मग सीबी शून्य शून्य, सात एक शून्य सात.

हा कुणी परका नंबर नाही, भटू.
हा आपलाच जुना दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, सात.
सोळाच्या हिशोबात मोडून
नव्या पत्त्याच्या पोटात ठेवलाय.
यादी नको, अर्ज नको,
पत्ता वाचला की त्यातूनच कळतं
पाकीट कुठल्या दारात उतरवायचं.

"पण मधली सगळी लाइन जुनीच ना, ताई?"

जुनीच. म्हणून तर गुंडाळायचं.
नव्याला जुन्याचा अंगरखा, वर एक्केचाळीसचा शिक्का.
केळीच्या घडाला पाला गुंडाळतात तसं,
आणि वजनात तेवढी कटती:
पंधराशेच्या गाडीत चौदाशे ऐंशीच माल.

पुस्तकात ह्याला स्वयंचलित म्हणतात.
मी हे पुस्तकाआधी पाहिलंय.

दोधखेडं पाण्याखाली गेलं त्या वर्षी
आम्हाला तापीकाठावरून उचलून
गट नंबर दोनशे दोनमध्ये ठेवलं.
मुरमाड माळ, चुन्याच्या रेघा, झाड एकही नाही.
तलाठी आळशी होता की शहाणा,
अजून सांगता येत नाही.
त्याने नवे क्रमांक पाडलेच नाहीत,
जुन्या घरनंबराच्या पुढे नुसतं दोनशे दोन लावलं.
आमचं सतरा. दोनशे दोन बटे सतरा.

सुरतेहून मामाची मनिऑर्डर मात्र यायची
मुक्काम दोधखेडे, घर नंबर सतरा, पिठाच्या गिरणीमागे.
गिरणीवर तेव्हा चाळीस हात पाणी.
सुपडू पोस्टमन सायकल रेटत थेट आमच्या ओट्याशी.
आईने विचारलं, सापडलं कसं?
"सतरा लिखेल शे ना माय.
पुढलं मी लाई लेस."

अकरा नंबरला मात्र त्याचं काही चालायचं नाही.
अकरात चार भाऊ, चार चुली, एकच दार.
जुन्या गावातच जागा संपली होती,
एका आकड्यामागे सगळं खटलं.
पत्र दारापर्यंत जायचं
आणि तिथेच उभं राहायचं.
आतून कुणी आधी हाक मारली तरच
सुपडूला कळायचं, कोण घरात आहे.

भटू, आपले निम्मे ग्राहक अकरा नंबरचे.
एका पत्त्यामागे अख्खी गल्ली.
त्यांना हा बोगदा कामाचा नाही.
त्यांची हाक आधी बाहेर काढावी लागेल,
ती रीत वेगळी. ते उद्या.

आता बघ, पिंग टाकला.
कुठल्या देशातल्या रिलेने उचलला, माहीत नाही;
जवळ असेल तो. पत्ता त्या सगळ्यांचा एकच.
उत्तर तिसऱ्याच वाटेने येतं.
किंवा येत नाही: मधला एखादा पहारेकरी
एक्केचाळीसचा शिक्का ओळखत नाही
आणि काही न बोलता पाकीट नाल्यात टाकतो.
सुपडूच्या रजेत आलेला बदली माणूस असाच.
'गाव अस्तित्वात नाही' असं लिहून
मामाचे तीनशे रुपये त्याने सुरतेला परत धाडले.
निदान परत तरी धाडले.

आलं.
तीनशे अकरा मिलिसेकंद.
भटू टाळी वाजवतो. मी नाही.

जळगावहून खरी नवी लाइन आली
की ही ओळ मलाच पुसायची आहे.
विसरले, तर समोरच्या घरचं पाकीटही
अर्धी पृथ्वी फिरून येत राहील,
आणि कुणाला कळणारही नाही का उशीर होतोय.
मामाला नवा पत्ता मी चार वेळा कळवला होता.
शेवटपर्यंत त्याने गिरणीमागेच लिहिलं.

पंखा जरा राउटरकडे वळव, भटू.
तापलाय तो.